अर्धा इंच वजा

बेन्यातच्या ट्रकचं तोंड डावीकडे झुकलेलं.
मला नव्हतं दिसलं. त्याला दिसलं,
आणि एकदा दिसल्यावर विनेमकाच्या रस्त्यांवरून तो
मान किंचित उजवीकडे कलती ठेवून हिंडू लागला,
जणू ट्रकची भरपाई मानेनेच करणार.

चार इंच उंच केलेली जुनी शेवरले.
ऐता तेव्हाच म्हणाले होते,
मेंढ्यांना मीठ टाकायला जायचंय
की धुराड्यातून घरात उतरायचंय?
बेन्यात हसला नव्हता.

शनिवारी रात्री गॅरेजमध्ये. मार्च. बाहेर पाणी गोठलेलं.
हीटरला डिझेलचा वास, लोखंडाला थंडीचा.
मी टेप धरलेली, तो विजेरी तोंडात धरून आकडा वाचतोय:
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत
उजवीकडे चोवीस,
डावीकडे सव्वातेवीस.
"पाऊण इंच, नेरेआ!"
पाऊण गाव बुडाल्यासारखा आवाज.

आधी जॅक. आधी भार उचलायचा,
अंगावर ओझं असताना तो बोल्ट पिळला
तर बोल्टही जातो, बोटंही जातात.
गंजावर तेल सोडलं. वाट पाहिली.
मग पाना, आणि पान्याला लावलेला पाइप,
आणि पाइपला लोंबकळणारा माझा भाऊ.
अर्धा फेरा.
जॅक खाली. ट्रक चार पावलं पुढे, चार पावलं मागे,
बंपरवर बसून दोन हिसके,
कारण उचलून ठेवलेला ट्रक लगेच खरं सांगत नाही,
थोडा चालला की सांगतो.
पुन्हा टेप.
अर्धा फेरा.
टायरवर मी खडूने रेघा मारत गेले.
पाचव्या रेघेला रात्रीचा एक वाजला
आणि डावीकडेही चोवीस आले,
केसभरही कमी नाही.
बेन्यातची मान सरळ झाली. खरंच झाली. मी पाहिली.

रविवारी मीठ भरायला बाजारात गेलो.
तिथला वजनकाटा सपाट,
त्यावर अंडं ठेवलं तरी विचार करत बसेल.
रिकामा ट्रक काट्यावर उभा,
काटेवाला ऑर्विल चहाचा थर्मास उघडत म्हणाला,
"उजवीकडे का वाकलाय हा?"

टेप काढली.
डावी बाजू अर्धा इंच वर.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात.
आम्हाला नाचता येत होतं.
अंगणच वाकडं होतं.

गॅरेजच्या मोरीपाशी फरशी दबलेली,
नेमकं उजवं पुढचं चाक तिथे खळग्यात लोंबकळत राहायचं
आणि त्या बाजूची उंची फुकट वाढवायचं.
अर्धी रात्र आम्ही ट्रकला
फरशीचा दोष फेडायला लावत होतो.

रेनोला फोन लावला. ऐतांच्या खुब्याची शस्त्रक्रिया
होऊन चौथा दिवस.
"हो," ते म्हणाले, "उतार मीच दिला. बर्फाचं पाणी
झाडू न लावता जावं म्हणून. मग जमीन खचली."
"तुम्हाला माहीत होतं?"
"अठ्ठ्याहत्तरपासून."
"मग सांगितलं का नाही?"
"विचारलं कुणी?"
आणि मग, नर्सला ऐकू जाईल इतकं मोठ्याने,
"आता उंच केलाच आहे, तर पायरीही लावा.
मी काही शिडी घेऊन फिरणार नाही."

दुपारी काट्यावरच बोल्ट उलटे फिरवले.
ऑर्विलने रांगेतल्या दोन ट्रेलरांना थांबवलं,
आणि उगाच सल्ले दिले.
तीन अर्धे फेरे मागे, आणखी थोडं.
खरा फरक निघाला पाव इंच. तेवढाच होता आधीपासून.
तेवढाच दुरुस्त केला.
चाकं सरळ करून घ्यायची ती सोमवारी, दुकानात,
उंची हलली की चाकांची दिशाही रुसते.

रात्री बेन्यात गॅरेजमध्ये एकटाच गेला.
मला वाटलं, पुन्हा मोजतोय.
मी डोकावले, तर गुडघ्यावर बसून
खळग्याभोवती खडूने गोल काढत होता,
आणि आत, मेंढ्यांच्या कानावर लिहितो तशा
ठळक अक्षरात लिहीत होता:
इथे मोजाल तर
अर्धा इंच वजा.