हीर

माझ्या हातात जे असतं तेच तुझ्याही हातात,
म्हणून तुला ओळखलं, मार्तीन.
इगर्जीतल्या बाकीच्या संतांकडे
किल्ल्या, तलवार, लिलीचं फूल.
बड्या घरची माणसं.
नमस्कार करावा आणि वाट सोडावी.

तू आलास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून,
इतल्विन मावशीच्या पिशवीत,
सुक्या मिरच्यांच्या पुडीला चिकटून.
काळा कुळकुळीत, पांढरा झगा,
हातात केरसुणी.
पायाशी कुत्रा, मांजर नि उंदीर
एकाच ताटलीत जेवतायत.
मावशी म्हणाली, लिमा म्हणून शहर आहे, लांब.
असेल.
मी शिरोड्याच्या पलीकडे कुठे गेलेय?

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात मला बारा वर्षं झाली.
पुरुष वॉर्ड, चौदा खाटा,
पुढून फिनेलचा वास
आणि मागच्या खिडकीतून
वाळत घातलेल्या सुंगटांचा.
केरसुणी मी घरीच बांधते.
रविवारी मिस्सानंतर पडवीत बसायचं,
झावळ मांडीवर,
कोयतीने एकेक हीर सोलायचा.
बोटं काळी होतात, त्याचं काही नाही.
आई तिला वाढवण म्हणायची.
जी घरातला केर बाहेर नेते तिला वाढवण!
तुझ्या आईच्या भाषेत काय म्हणायचे रे?
तिलाही कुणाकुणाची घरं झाडावी लागली असतील.

निवतीहून टेम्पोत घालून एक खलाशी आणला.
दोरखंडात सापडलेला पाय, आठ दिवसांचा सडका.
कागदावर नाव : ‘ट्रॉलरवाला’.
खाट नाही, म्हणून पॅसेजमध्ये.
चादर नाही, कारण कपाटाची चावी
गावडे सिस्टरबरोबर घरी गेलेली.
मी घरून आणली,
निळ्या किनारीची, रुजायच्या बाप्तिस्म्यातली,
एकदाच वापरलेली.
सकाळी सिस्टर ओरडल्या :
ही घाण आता धुणार कोण?
मी म्हटलं, मीच की. रोज कोण धुतं?

नंतर एकदा फादर शेर्मांवात सांगत होते,
तूही असाच कुणाला तरी
आपल्या अंथरुणात निजवलं होतंस
आणि बोलणी खाल्ली होतीस.
मला बाकावर हसू आलं.
बाजूच्या कार्मेलीनने कोपराने ढोसलं.

पण त्याच दिवशी त्यांनी पुढचंही सांगितलं.
मठ कर्जात बुडाला
तेव्हा तू म्हणालास, मला विका.
ते मला सोसवलं नाही.
मला तर सावंतवाडीत बसून
कंत्राटदाराने केव्हाच विकलीय,
पाच महिने पगार नाही,
वाण्याच्या वहीत माझं पान भरून उलटलंय.
आणि तू आपण होऊन सांगतोस, विका?
तुझं चित्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं.
म्हटलं, बघ आता चुना.

नऊ दिवस आपण बोललो नाही.
दहाव्या रात्री खुडबुड झाली.
दिवा लावून बघते तर
उंदराने चित्र कुरतडलेलं.
कुत्रा गेला, मांजर गेली, ताटलीही गेली,
फक्त उंदीर तेवढा शाबूत!
मी एकटीच हसत बसले,
डोळ्यांना पाणी येईपर्यंत.
मग पिठाच्या खळीने
उरलेला तू पुठ्ठ्यावर चिकटवलास,
म्हणजे मीच चिकटवला.
पगाराचं अजून ठरलेलं नाही.

खलाशी गुडघ्यापासून पाय ठेवून गेला.
कुबडी घेऊन, सकाळच्या एस्टीने,
कुणाला न सांगता.
जाताना माझी चादर घेऊन गेला.
धुतलेली होती, एवढं बरं.

आज तीन तारीख, नोव्हेंबर, तुझा सण.
मेणबत्ती आणली नाही, खोटं कशाला सांगू.
नवी केरसुणी बांधली,
हीर ओलेच आहेत, हिरवा वास येतोय,
ती तुझ्यापुढे उभी करून ठेवते.
सकाळी सातला वॉर्डात न्यायची आहे.
तोवर रात्रभर
तू वापर.