चोडणला, दोन फेऱ्यांच्या मधे

आधी टाळी वाजवली.
खोलीने ती परत केली, जराशी चिरकी,
पत्र्याच्या डब्यात चमचा पडावा तशी.
दहा बाय नऊ. पूर्वी इथे काजूच्या बिया साठवत,
कोपऱ्याला अजून तो उग्र वास येतो.

बाहेरचं अडवणं वेगळं, आतलं निववणं वेगळं,
हे कळायला मला तीन महिने
आणि साडेअकरा हजार रुपये लागले.
बाहेरच्यासाठी वजन हवं, जाडी हवी, फट नको.
आतल्यासाठी मऊपण पुरतं.

चिऱ्याची भिंत दीड हात, तिच्याशी भांडण नाही.
भांडण नळ्यांशी, खिडकीशी,
आणि दाराखालच्या बोटभर फटीशी,
जिथून लुर्दिनबायचा मिक्सर
सरळ आत येऊन बसायचा.

मदतीला बाबा.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनघरात,
डावा कान तिथेच ठेवून आले,
उजव्यात थोडंसं उरलंय.
पहिल्या दिवशी भंगारातली लाइफ जॅकेटं आणली,
सात, नारिंगी.
"हीं लाय गो. बुडत नाहीत,
म्हणजे कायतरी असणारच त्यांच्यात."
काही नव्हतं.
जे पाण्यावर तरंगतं ते आवाजाला अडवत नाही.
तरी दोन दिवस राहू दिली भिंतीवर.

मग धक्क्याला लावतात त्या टायरची पट्टी कापून
त्यांनी दाराखाली ठोकली,
आणि मिक्सर गेला.
इतका गेला, की मी बाहेर जाऊन बघितलं,
बाय बरी आहे ना.

इनास मेस्ताने आंब्याच्या फळीच्या चौकटी केल्या.
आत रॉकवूल भरताना आम्ही दोघं
रात्रभर खाजवत बसलो, हाताला खोबरेल चोळत.
वरून ताणून शिवले बाबांचे जुने खाकी शर्ट.
एका चौकटीला अजून खिसा आहे.

पुन्हा टाळी.
या वेळी पडली तिथेच संपली.

पण फेरी.
रायबंदरहून येते तेव्हा कानाला कळत नाही,
मीटरवर दिसते: तळाशी एक जाडसर थरथर.
तिला चिरा काय नि रॉकवूल काय,
सगळं पाणीच.

म्हणून बाबा कोपऱ्यात स्टुलावर,
उजवा तळवा भिंतीला लावून.
"लागली," म्हणतात. मी थांबते.
पंखा बंद, घाम पाठीवरून उतरतो.
मग भिंतीवरचं बोट हलकंच वर होतं:
सुटली, लांब गेली.
आणि मी पाचवीच्या मुलांना सांगू लागते
नद्या कुठे उगम पावतात ते,
मिनिटाला पंचाहत्तर रुपयांनी.
त्यातलं त्यांना काही ऐकू येत नाही.
माझ्या ओठांकडेही बघत नाहीत.
भिंतीकडे बघतात.

काल पुण्याहून ओकबाईंचा निरोप:
आवाज छान, पण तिसऱ्या मिनिटाला
मागे कुणीतरी श्वास घेतंय.
हेडफोन लावून ऐकलं.
घेतंय. लांबलचक,
शेवटी नाकात बारीकशी शीळ.
चारदा ऐकलं.

आज आणखी एक चौकट उभी करायची आहे,
माइकच्या आणि त्या स्टुलाच्या मधे.
खिशाची तीच घेईन म्हणते.
खिसा त्यांच्या बाजूला.