गुणलेखिका

बावीस वर्षं मी टेबलाच्या या बाजूला बसते आहे.
दोन पेनं, एक पट्टी, तीन प्रतींत कार्बन.
स्पर्श झाला की रेघ. बोनसला त्रिकोण.
नखाएवढा स्पर्श असला तरी
कुणीतरी पाहिलेला असतो, हात वर करतो,
आणि मी लिहिते.

सुयोग ढमाले मला आवडायचा.
हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सूड म्हणून वाचाल.
धायरीच्या शाळेत तो सहावीत, मी पीटीची बाई.
डबा आणायचा नाही; माझ्यातली अर्धी पोळी त्याची.
पुढे त्याची मागची लाथ बघायला
पोरं कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसायची,
आणि सिंहगड रोडला चौकाचौकात फ्लेक्स:
ढाण्या वाघ, हार्दिक अभिनंदन,
खाली शुभेच्छुकांचे वीस गॉगल.

वृषाली मध्यंतरात आली.
भवानी पेठेतलं मैदान, पोरं मॅट पुसत होती.
तिची ओढणी गळ्याशी पिन लावून घट्ट, मार्चच्या उन्हात.
म्हणाली, बाई, तुम्ही सगळं लिहिता ना?
मी म्हटलं, मैदानातलं.
ती म्हणाली,
झटापट सुरू झाली की राखीव पट्टाही मैदानात धरतात,
त्यानंच शिकवलंय, लग्नानंतर, टीव्हीवर दाखवून.
आमच्याकडे मग ओटा मैदानात येतो. बाल्कनी येते.
परवा जिन्याचं वळण आलं.
आणि दम तुटत नाही हो त्याचा.
एकच शिवी, एका श्वासात, शेवटच्या पायरीपर्यंत.

ससूनचा कागद होता. दोन बरगड्या.
कारण: पडल्यामुळे.
आमच्या खेळात निदानरेषा असते,
ती ओलांडल्याशिवाय चढाई धरत नाहीत.
तिच्या कागदावर ती कुणी ओलांडलीच नव्हती.

शिट्टी झाली. मी टेबलाशी गेले.
सुयोगचे त्या दिवशी चौदा गुण,
माझ्या अक्षरात.

मग टिळक रोडच्या ऑफिसात बैठक. खारी, चहा.
अध्यक्ष म्हणाले, सीझन तोंडावर आलाय.
सचिव म्हणाले, घरचं घरात.
कुणीतरी म्हणालं, पोरगीही तोंडाळ आहे म्हणे.
पंचाशी हुज्जत घातली म्हणून
याच खोलीनं एका पोराला वर्षभर घरी बसवलं होतं.
महिला सदस्य म्हणून इथे सही, मॅडम.
केली.
वळणदार, खाडाखोड नाही.

जूनमध्ये ती माहेरी गेली, लोणंदला,
जबडा तारेनं बांधलेला.
फोनवर तिला बोलता येत नव्हतं, ती ऐकत होती,
आणि बोलता येत असून
माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

काल अंतिम सामना, बालेवाडीला.
गुणपत्रकाच्या तळाशी एक रकाना असतो: शेरा.
बावीस वर्षं मी तिथे लिहीत आले, निरंक.
काल तारखा लिहिल्या.
मार्चची. जूनची.
मधली एक, माझ्या सहीची, माझ्या नावासकट.
खेळाडू क्रमांक सात.

सरपंचांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. परत वाचलं.
बाई, हे इथे बसत नाही.
म्हटलं, मग बसतं ती जागा दाखवा,
तिथे लिहिते.

बाहेर ढोल सुरू झाला होता, त्याला खांद्यावर घेतलं असावं.
वरची प्रत त्यांनी फाडली, दुसरी चुरगाळली.
पुढच्या स्पर्धेचं पत्र मला येणार नाही,
तेवढं कळायला बावीस वर्षं पुरेत.

तिसरी, पिवळी, माझ्या पर्समध्ये आहे.
उद्या लोणंदची एसटी सहा पन्नासला.
शेवटच्या प्रतीवर अक्षर फिकट उमटतं,
म्हणून दाबून लिहिलं होतं.