तळटीप

एका छोट्या देशाची वीज माझ्या टेबलावर आहे.
देश एवढासा, की सगळी माणसं आणून बसवली
तर हडपसरात मावतील, वर थोडी जागा उरेल.

ऑफिस एरंडवण्यात, पहिला मजला.
खाली झेरॉक्सवाला, शेजारी दाढांचे डॉक्टर.
काम सोपं: एकाहत्तर सालापासून आजवर
कुठल्या वर्षी किती युनिटं, आणि कशापासून.
रंग ठरलेत. डिझेल तपकिरी, पाणी निळं, ऊन पिवळं.
वाऱ्याला अजून रंग दिला नाही,
वारा त्यांच्याकडे अगदी परवा आला.

पहिली दहा वर्षं नुसतं तपकिरी.
बंदराजवळ एखादंच जनित्र असावं, रात्री नऊला बंद होणारं.
हे आकड्यात नसतं,
आकड्याच्या बारीक कमरेवरून कळतं.
मग एका वर्षी निळं शिरतं, लग्नघरात पाहुणे शिरावेत तसं.
धरण झालं. तपकिरी दबतं, जात नाही,
पाऊस कमी झाला की मान वर काढतंच.

आणि एकोणनव्वदला काहीच नाही.
रिकामा चौकोन.

संगणक रिकाम्याला शून्य समजतो.
रेघ सरळ जमिनीवर येऊन आपटते
आणि पुढल्या वर्षी कपडे झटकून उठते.
लोमटे सर म्हणाले, जोडून टाक.
अलीकडचं-पलीकडचं घे, सरासरी काढ, कोण बघतंय.
सर वाईट नाहीत. शुक्रवारी अहवाल जायचाय.

बशीर पिंजारी, आमच्या बिल्डिंगचे वॉचमन,
त्याआधी बोर्डात वायरमन, रास्ता पेठेत एकतीस वर्षं.
पाण्याचा जार ठेवायला वर आले, पडद्याशी थबकले.
"हा खड्डा कसला?"
सांगितलं.
"वीज बंद होती, का मीटर बंद होता?"
मी गप्प.
"फरक आहे, ताई. विजेला लोक ओरडतात.
मीटरला कोण ओरडतंय?"

त्या देशाच्या खात्याला मेल केली. अकरा दिवस उत्तर नाही.

गुरुवार. दहाला लाईट गेली.
पुण्यात गुरुवार दत्ताचा, त्याहून जास्त बोर्डाचा.
यूपीएस कोंबडीच्या पिलासारखा ओरडत राहिला.
डॉक्टर जिन्यात येऊन उभे, हातात तो छोटा आरसा,
आत पेशंट तोंड उघडं ठेवून.
लॅपटॉपवर चौतीस टक्के, आणि उत्तर आलं:

*त्या वर्षी कचेरीला कुलूप होतं. का, ते लिहीत नाही.
आकडे नाहीत. पण माझी आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर
रोज लिहायची, दिवे किती तास होते.
फोटो जोडलेत. चालेल का?*

बारा फोटो. मार्च: तीन, तीन, दोन, शून्य, शून्य, तीन.
एका तारखेला नऊ, भोवती दोनदा गोल,
खाली मला न वाचता येणाऱ्या लिपीत एक शब्द.
"लग्न असणार," पिंजारी म्हणाले.
मला बाळंतपण वाटलं.

तासांची युनिटं होत नाहीत.
किती घरं, किती दिवे, काय ठाऊक.
तरी बेरीज केली, बोटांवर, लॅपटॉप मिटून:
अकराशे चार.
उभ्या अक्षावर बसेना, आडव्यावर बसेना.

रेघ तिथे तोडली. मोकळी जागा ठेवली.
जागेवर एक चांदणी, आणि तळाला, बारीक अक्षरात:
'या वर्षी ११०४ तास. स्रोत: एका घराची भिंत.'
सर 'भिंत' खोडतील.
'खासगी नोंद' करतील. करू देत.

पावणेतीनला खालून कुणाचं तरी पोर किंचाळलं, आऽऽली!
डॉक्टर धावले.
पिंजारी जाता जाता आमच्या कॅलेंडरशी थांबले,
खिशातलं पेन काढलं.
नंतर बघितलं, गुरुवारच्या चौकोनात
जुन्या वळणाचे पावणेपाच: ४॥।

पुढच्या गुरुवारचा चौकोन कोरा आहे.
लाईट गेली नाही,
की पिंजारी गावाला गेले होते,
आता आठवत नाही.