केर

रात्री अकराला प्रणोतीनं वाकळ ओढत गच्चीवर नेली,
मागून मी, पायरीपायरीला थांबत.
तेजाबाचा धूर छातीत राहिला तो राहिलाच.
त्रिचूरची भट्टी सोडून सहा वर्षं झाली,
तरी थंडीत आधी तो जागा होतो, मग मी.

लेंगऱ्याचे दिवे एकेक मिटले.
पाण्याच्या टाकीखालचा एक बल्ब तेवढा उरला.
तिनं खाली जाऊन वायरमनच्या पोराला उठवलं,
तोही बंद करवला.
नववीतली पोरगी. वहीत रकाने पाडलेले:
वेळ, दिशा, रंग, शेपूट राहिली का.
"बोलू नका नाना. बोललं की एक चुकतो."

कैरीत मीठ मुरावं
तसा अंधार डोळ्यांत मुरत गेला.
तिकांडं वर आलं होतं,
त्याच्या डाव्या अंगाला पुनर्वसूचे दोन.
"तिथनं येणार," तिनं बोट दाखवलं,
आणि बोट खाली यायच्या आत
एक सरकन् गेला रेणावीच्या डोंगरामागं.

आई असती तर थुंकली असती.
तारा तुटलेला दिसला की थुंकायचं,
नाहीतर घरातलं कुणी त्याच्या वाटेला लागतं.
मला मूस आठवली.
रसरसलेली चांदी बाहेर काढून ठेवली
की गोठता गोठता तीच थुंकते,
पांढरे बारीक शिंतोडे, दंडाला डाग पडतात.
यशवंता म्हणायचा, तिच्या पोटात वारा अडकतो,
तो निघाल्याशिवाय ती गप होत नाही.
यशवंताला मी गाडीतनं आणला,
पितळी डब्यात, सीटखाली,
दोन रात्री पाय वर घेऊन बसलो.

वहीत रेघा वाढत होत्या,
चार उभ्या, पाचवी आडवी.
सत्ताविसावा हिरवा.
"तांबं असणार," मी म्हणालो.
"निकेल," ती म्हणाली.
जाळावरनं भेसळ सांगणारा माणूस मी,
पण तिचं पुस्तक नवं आहे.

मग कितीतरी वेळ काहीच नाही.
भिवघाटाकडं एक ट्रक गिअर बदलत चढला.
कुत्रं उठलं, जागा बदलून परत झोपलं.
बघतो तर प्रणोतीचं पेन वाकळेवर,
तोंड उघडं, नाक गार पडलेलं.
मी टोपडं तिच्या कपाळावर ओढलं
आणि वही माझ्याकडं घेतली.

तेवढ्यात तो आला.
गच्चीच्या कठड्याची सावली पडली
आणि सरकली,
टाकीचा पांढरा रंग दिसला,
माझेच हात मला दिसले, डागांसकट.
पोरीला हलवायला हात नेला, थांबलो,
तोवर संपलंच होतं.
वर धुराची एक बट राहिली,
वाऱ्यानं हळूहळू वाकडी झाली.

रकान्यात काय लिहू?
रंग: सगळा.
शेपूट राहिली का: राहिली. बराच वेळ.
खोडलं नाही. सकाळी ती ओरडेल, ओरडू दे.

सकाळी ती ओरडली, मग रुसली,
मग जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून
पिशवीत गुंडाळून
गच्चीच्या पन्हाळीत फिरवत बसली.
रोज आभाळातनं धूळ पडते म्हणे,
कुणाला दिसत नाही इतकी बारीक,
आपल्या छपरांवर, केसांत, दह्याच्या भांड्यात.
पिशवीला काळी भुकटी चिकटली होती.

मला हसू आलं.
जन्मभर आम्ही सोनारांचा केर विकत घेतला,
उंबऱ्याची माती, झिजलेले ब्रश,
वर्ष वर्ष तुडवलेली पायपुसणी.
पोती भरून जाळायची, चाळायची, घोळायची,
आणि शेवटी मुशीच्या बुडाला
मुगाएवढं काहीतरी.
कधी तेही नाही.

"नाना, यातलं एखादं तरी वरचं असेल?"
परातीत पाणी घेऊन ती गदगदा हलवत होती,
सगळंच काठावरनं सांडत होतं.
मी खाली बसलो, दम आवरला.
"अशी नाही. आण इकडं.
मनगट सैल सोड.
हलकं आधी जाऊ दे."