जागच्या जागी

थिऑलची बाटली उघडायची
तर आधी शेजाऱ्यांची माफी मागावी.
गेल्या हिवाळ्यात, यासी शहरातल्या ट्राममध्ये,
एक बाई माझ्या बाजूची जागा सोडून
दारापाशी उभी राहिली, मुकाट.
कुजका कोबी, जळका लसूण आणि माझा कोट.
स्मारांदा हसते. तिच्या मफलरलाही तोच वास.
ती सव्वीसची, प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षात;
मी एकोणसाठची, इथली काच धुणारी,
आर्गॉनची नळकांडी बदलणारी,
न विचारता सांगणारी : घाई नको.

साखळी आधी होते.
सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन,
मधासारखी दाट, मधाहून नितळ,
वीज आली काय, गेली काय,
तिला सोयरसुतक नाही.
मग अतिनील दिव्याखाली
तिच्या कड्यांना एकेक शेपूट जोडायचं,
शेपटाच्या टोकाला नायट्राइल :
एक अंग धन, एक अंग ऋण,
जन्मतःच कललेलं.

"तारेत भार निघून जातो," स्मारांदानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा
मी चंचुपात्र पुसत होते.
"इथं तो जात नाही. वीज लावली
की जागच्या जागी वळतो."
"मग उपयोग काय त्याचा?"
"साठतं," ती म्हणाली.

आमच्या जिन्यावर आठ दारं, पाच कुलपात.
भाऊ तोदेरिका तोरिनोला गेला फरश्या बसवायला,
मागोमाग वहिनी, मग त्यांची इओझेफिना,
तिला तर शाळेचा निकालही बघायचा नव्हता.
मला विचारलं होतं. मी म्हटलं, बघू.
ते बघू अजून चाललंय.
रविवारी आठ वाजता मी खुर्ची
फोनकडे वळवून बसते.

तेवीस नंबरची फिल्म गेली.
शेपटं जास्त झाली होती;
ध्रुवीयतेचीही हाव असते.
आधी गळती, मग टक् असा आवाज,
मधोमध टाचणीएवढं काळं भोक.
स्मारांदा बाहेर लिंडनखाली जाऊन उभी राहिली.
मी पाते पुसलं, काच पुसली,
भोक पडलेली फिल्म पाकिटात घालून तारीख लिहिली.
फेकायचं नसतं.

चोवीस ते तीसचं सांगण्यासारखं काही नाही.
एकीत बुडबुडे, दोन चिकट राहिल्या,
एक थंडीत कडक झाली, सासूसारखी, असं मी म्हटलं,
स्मारांदाला सासू नाही, ती हसली नाही.

एकतिसावी गोल चौकटीत ताणलेली,
मधे काजळीचं वर्तुळ, दोन्ही अंगांनी.
स्मारांदानं बटण फिरवलं, आकडे चढले.
मी आकड्यांकडे बघतच नव्हते.
वर्तुळ मोठं झालं.
किंचित. मग लहान. मग पुन्हा,
तान्ह्या बाळाची टाळू उडते तसं.
कुठलाच रेणू साखळी सोडून गेला नव्हता.
सगळे फक्त वळले होते, एकाच वेळी.

स्मारांदा काहीतरी बोलत होती, भराभर, आकड्यांत.
मला बसावंसं वाटलं, पण स्टूल तिच्याकडे होतं.

वहीत माझ्या अक्षरात आहे :
एकतीस. हलली. तीनदा.
थिऑलच्या बाटलीचं बूच सैल आहे, बदलणे.

परतीच्या ट्राममध्ये
माझ्या शेजारची जागा रिकामीच होती.
मी पिशवी ठेवली तिथं.