झिराडकर

पानं माणसाएवढी उंच. उलटायला दोन्ही हात लागत.
पोलंडातल्या त्या खोलीत मी आधी आमचं आडनाव शोधलं.
त्यांच्या लिपीत झ अगदी शेवटी येतो,
म्हणून सगळी अक्षरं ओलांडत चालावं लागलं,
सगळी माणसं.
शेवटी झिमरमान, झुकरमान, झिल्बरबर्ग.
झिराडकर नाही.

कसं असेल?
आमचे पूर्वज अलिबागकडे तेल गाळत होते.
शनिवारी घाणा बंद, एवढीच ओळख: शनवारतेली.
दार वाजलंच कधी, तर कुणाला पळीभर तेल हवं असायचं.

हुश्श वाटलं.
ते वाटणं अजून घशात आहे.

शाळेत असताना मंदा गायधनीकडे, रामकुंडाच्या वरच्या आळीत,
तिचे वडील लाल बासन सोडायचे.
गाव कोणतं? आडनाव?
की लांबलचक वहीतून सात पिढ्या बाहेर:
कोण कधी आला, कुणाच्या अस्थी घेऊन,
खाली मोडी सही, नाहीतर अंगठा.
मी म्हटलं, काका, आमचं काढा ना.
ते हसले. पोरी, तुमची माणसं इकडे आली नाहीत गं.

त्या वहीत माणूस आपल्या पायांनी येतो,
ओल्या धोतरानं बसतो,
पोटातल्या बाळासाठीही ओळ सोडायला सांगतो.

दोन्ही वह्यांत आम्ही नाही.

आजोबा, एलोजी हन्नोक झिराडकर,
लढाईत देवळालीच्या छावणीत स्टोअरकीपर.
घोंगड्या मोजून द्यायचे.
एक बाई आली, व्हिएन्नाची.
जिथून जीव घेऊन पळाली त्याच देशाचा पासपोर्ट,
म्हणून कागदावर ती शत्रू.
आजोबांना जर्मन येईना, तिला मराठी.
दोघांना येणारी एकच ओळ होती,
शेमा इस्राएल,
तीही दोघांच्या उच्चारात वेगवेगळी.
घोंगडीच्या पावतीमागे तिनं एक नाव लिहिलं: एगॉन आबेलेस, भाऊ.
आणि खुणेनं सांगितलं,
कळलं तर कळवा.

पावती आजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात राहिली,
मग बाबांच्या पाकिटात, मग माझ्या पर्समध्ये.
मी ती सोबत नेली होती
आणि काढली उशिरा, निघताना.

आबेलेस. म्हणजे अगदी सुरुवातीला.
ज्या पानापासून मी चालायला लागले,
तिथेच, माझ्या खांद्याच्या उंचीवर.
जन्म: व्हिएन्ना.
पुढे जागा कोरी.

आता कळवायचं कुणाला?
पावतीवर पत्ता एकच: देवळाली, बरॅक नऊ.
परवा नाशिकरोडहून रिक्षा करून गेले.
बरॅक नऊच्या जागी दुचाक्यांचं पार्किंग आहे,
एका कडुनिंबाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये.

पोरगा म्हणाला, गाडी कुठाय मावशी?
गाडी नाही रे. निरोप आहे.
त्यानं क्षणभर पाहिलं,
आणि सवयीनं
दहाची पावती फाडून हातात दिली.